सिल कापलेली मायनर: विकावी की पुरी करावी?

प्रश्न: माझ्याकडे 1959 सालची दोन दारांची मॉरिस मायनर 1000 आहे. सात वर्षांपूर्वी घेतली तेव्हा धूर सोडत का होईना, चालत होती. हौसेने पूर्ण खोलली. इंजिन मी स्वतः उघडलं. ब्लॉक बोअरिंगला दिला, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं घातली, हेडचं काम करून घेतलं, एकेक बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. सगळं जुळल्यावर क्रँक हाताने फिरवला आणि तो अलगद फिरला, तो क्षण मी विसरणार नाही. इंजिन आज स्टँडवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं आहे. मग बॉडीकडे वळलो. वेल्डिंग शिकलो, दारं काढून ठेवली, डाव्या दाराखालची सिल (पत्र्याची पोकळ पट्टी) कापली आणि थांबलो. त्याला दोन वर्षं झाली. या सात वर्षांत मुलगी झाली, ती आता तीन वर्षांची आहे. गॅरेजचं दार मी फक्त सायकल काढायला उघडतो. गेल्या वर्षी सीटची नवी कव्हरं, स्टिअरिंग व्हील आणि चाकांच्या टोप्या मागवल्या, त्या अजून खोक्यात आहेत.

आता एक गृहस्थ गाडी मागतायत. त्यांनी आधी दोन मायनर तयार केल्यात. देतायत ती रक्कम माझ्या एकट्या इंजिनाच्या खर्चापेक्षाही कमी आहे. मित्र म्हणतात, इतकं केलंस, आता सोडू नकोस. बायको म्हणते, तुला वाटेल ते कर, माझी हरकत नाही. हिशेब मांडला की झोप उडते. विकू की पुरी करू?

उत्तर:

इंजिनाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. बॉडीबद्दल जेमतेम एक वाक्य, आणि त्याचा शेवट 'थांबलो' असा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुम्ही आळशी नाही आणि तुमची हौसही विझलेली नाही. आळशी माणूस इंजिन शेवटच्या बेअरिंगपर्यंत उघडून पुन्हा जुळवत बसत नाही. तुम्हाला यंत्राचं काम आवडतं. तिथे मापं असतात, पुस्तकात आकडा दिलेला असतो, तो गाठला की ते काम संपलं. पत्र्याचं तसं नसतं. गंज कुठे संपतो हे कापल्याशिवाय कळत नाही, कापलं की आणखी निघतो, आणि 'झालं बुवा एकदाचं' म्हणायची वेळ महिनोन् महिने येत नाही. दोन्ही कामं एकाच गाडीवर होतात म्हणून ती एकाच माणसाला आवडतील असं कुठे आहे? उत्तम फिटर आणि उत्तम डेंटर ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. तुम्ही त्यातले फिटर आहात.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिअली यांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः जुळवलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो आणि त्याला ती जास्त मोलाची वाटते, हे त्यांनी लोकांकडून खोकी, कागदाच्या घड्यांची चित्रं आणि लेगोचे संच करून घेऊन तपासलं. 'आयकिया इफेक्ट' या नावाने ते गाजलं. त्यातला फारसा सांगितला न जाणारा भाग तुमच्या उपयोगाचा आहे: वस्तू अर्धवट राहिली किंवा करून मोडून टाकली, की तो जिव्हाळा उरत नाही. तुमचं इंजिन पुरं झालं, म्हणून त्याच्यावर तुमचा जीव आहे. बॉडी अर्धी आहे, म्हणून तिच्याकडे बघवत नाही. तेव्हा गॅरेजचं दार उघडताना जे दडपण येतं, त्यावरून 'मला आता गाडीच नको' असा निष्कर्ष काढू नका. तुम्हाला काय नको आहे ते बारकाईने बघा.

गेल्या वर्षीची खरेदीही यातच बसते. कामाला हात लागत नाही तेव्हा माणूस सामान मागवतो, कारण पार्सल आलं की गाडी पुढे सरकल्यासारखी वाटते. अडकलेल्या बहुतेक गाड्यांच्या शेजारी मी अशी न फोडलेली खोकी पाहिली आहेत. निर्णय होईपर्यंत आता एकही वस्तू मागवू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

'विकू की पुरी करू' याच्या आधी एक प्रश्न येतो. तुम्हाला मायनर हवी आहे, की मायनरवरचं काम हवं आहे? आणि काम हवं असेल तर नेमकं कुठलं? ज्याला गाडी हवी आहे, ती घेऊन फिरायचं आहे, त्याच्यासाठी अर्धवट गाडी पुरी करणं हा सगळ्यांत महागडा रस्ता आहे. कुणीतरी मनापासून तयार केलेली चालती मायनर बहुतेक वेळा त्या मालकाने घातलेल्या पैशांपेक्षा कमी भावात विकली जाते, आणि त्याचे श्रम तर कुणी मोजतच नाही. अर्धवट गाडी पुरी करण्यात अर्थ आहे तो उरलेलं काम ज्याला करावंसं वाटतं त्याच्यासाठी. ते काम हाच त्याचा मोबदला असतो.

मायनरच्या बाबतीत एक दिलासा आहे. ही गाडी 1948 साली आली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. एकूण सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. पुढे मिनी घडवणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिस यांचं हे काम, आणि त्याला इतके चाहते लाभले की सिल, जमिनीचे पत्रे, क्रॉसमेंबर, रबरं, अख्खं वायरिंगसुद्धा आज नवं बनवून मिळतं. म्हणजे पुरी करायची ठरवलीत तर सामानावाचून अडणार नाही, आणि विकलीत तर उद्या दुसरी मिळणार नाही अशी स्थिती नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या एखाद्या गाडीबद्दल विचारलं असतंत, तर माझं उत्तर वेगळं असतं. इथे तुमच्या डोक्यावर इतिहास वाचवण्याचं ओझं नाही.

हिशेबाबद्दल. इंजिनावर, वेल्डिंग मशीनवर आणि त्या खोक्यांवर गेलेले पैसे गंगेला मिळाले. गाडी विकलीत तरी ते परत यायचे नाहीत, पुरी केलीत तरी यायचे नाहीत. म्हणून तो हिशेब रात्री मांडू नका, दिवसाही नको. हिशेब मांडायचा तो पुढचा: आजपासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत किती पैसे आणि किती तास लागतील, आणि तेवढ्यातच दुसरं काय मिळू शकेल. मित्र 'इतकं केलंस' म्हणतात ते प्रेमापोटी. पण इतकं केलं हे आणखी करण्याचं कारण होत नाही. एवढंच राहिलंय, हे कारण होऊ शकतं. मात्र खरंच एवढंच राहिलंय का, हे तुमच्यासकट कुणीही अजून तपासलेलं नाही.

तपासायची जागा म्हणजे ती कापलेली सिल.

मायनरला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची चासी. खाली जाड लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी, अशी रचना असती तर सिल कापून गाडी दोन वर्षं उभी राहिल्याचं मला फार वाटलं नसतं. पण मायनरमध्ये दाराखालची सिल, जमिनीचा पत्रा आणि खालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर मिळून भार पेलतात. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोकं याच क्रॉसमेंबरला बांधलेली असतात. एका बाजूची सिल गेली की बॉडी मधोमध बसू शकते. उघड्या टपाच्या मायनरला हा धोका फार मोठा; तुमच्या गाडीला पक्कं छत आहे, त्यामुळे कमी, पण आहेच. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दारं आधीच काढून ठेवली होती, यावरून मला शंका येते की तो राहून गेला असावा.

एक शनिवार-रविवार यासाठी काढा. वेल्डिंग नको, ग्राइंडर नको, फक्त मोजमाप. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, चारही कोपरे एका पातळीत, आणि आधार जिथे सस्पेन्शनचा भार येतो त्या जागी द्या. सिलच्या मधोमध नको. मग दोन्ही दारं बिजागऱ्यांवर पुन्हा लावा. दार आणि चौकटीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. मागच्या कडेला वर फट मिटत आलेली आणि खाली फाकलेली दिसली, तर बॉडी बसली आहे असं समजा. नंतर चौकटीचे कर्ण मोजा. उजवी बाजू अजून शाबूत आहे हे तुमचं नशीब, कारण डाव्या बाजूचं माप तीच सांगणार आहे. शेवटी सस्पेन्शनच्या ठरावीक भोकांतून जमिनीपर्यंत ओळंबा सोडा, खडूने खुणा करा, आणि पुढची डावी ते मागची उजवी, पुढची उजवी ते मागची डावी ही दोन्ही तिरकी अंतरं मोजून बघा.

दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. त्या काळातल्या गाड्या कारखान्यातूनच तेवढ्या इकडेतिकडे असायच्या. फरक सेंटिमीटरच्या घरात गेला, तर बॉडी आधी ओढून सरळ करावी लागेल, आणि ते घरच्या गॅरेजमधलं काम नव्हे. निकाल काहीही लागो, मोजून झालं की दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आधार बसवून घ्या, म्हणजे यापुढे तरी काही हलणार नाही. बसवण्याआधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज जीवघेणा आहे, भडका उडतो तो आतल्या वाफेचा.

त्याच दिवशी एक जुना पेचकस हातात घ्या आणि टोचत चला. क्रॉसमेंबरची दोन्ही टोकं, पुढच्या लांब चासी लेगची (बॉडीलाच जोडलेल्या, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या तुळईची) मागची बाजू, मागचे पाटे बॉडीला जिथे अडकतात त्या जागा, आणि उजवी सिल. ती बाहेरून चांगली दिसते म्हणून सोडू नका, डावीने जे वय पाहिलं तेच उजवीनेही पाहिलंय. कुठे पत्रा घासून साधा प्रायमर मारून ठेवला असेल, तर तोही खरवडून बघा. साधा प्रायमर ओलावा अडवत नाही. त्याच्यावर रंग न चढवता गाडी वर्षानुवर्षं ठेवली की वरून सगळं राखाडी आणि नीटनेटकं दिसतं आणि खाली गंज धरत राहतो. असं असताना लोक 'रंग तेवढा राहिलाय' म्हणून सांगत असतात.

आता वही घ्या आणि उरलेलं काम लिहून काढा. पत्र्याचं काम सगळ्यांना आठवतं, बाकीचं विसरायला होतं. ब्रेक, उदाहरणार्थ. मायनरला चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीखालच्या चासी लेगमध्ये बसवलेला आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे इतकी वर्षं पडून राहिलेले सिलिंडर आतून गंजलेले आणि रबरं फुगलेली निघतील. सगळं नव्याने करावं लागेल असं धरून चाला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी वय झालेला टायर कामाचा नाही. वायरिंग, काचा, त्यांची रबरं, दारांची कुलपं, प्लेटिंगला द्यायचे बंपर. तुमची गाडी 1959 ची असेल तर तिला दाराच्या मागच्या खांबातून हातासारखे बाहेर येणारे इंडिकेटर असतील. ते चालू करणं म्हणजे एक स्वतंत्र संध्याकाळ, आणि ती संध्याकाळ तुम्हाला आवडेल असा माझा अंदाज आहे.

तुमचं इंजिनही या यादीत येतं. जुळवताना लावलेलं तेल इतक्या दिवसांत बेअरिंगवरून ओघळून गेलेलं असतं. ते थेट सुरू करू नका. ताजं तेल भरून, प्लग काढून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टरने फिरवा आणि मगच पेट्रोल द्या. हेडचं काम करून घेतलंत तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटताना ज्यांवर टेकतो त्या कड्या) बसवल्या होत्या का, हेही बिलात बघून घ्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली, आणि ते पेट्रोल 2021 साली अल्जीरियातही बंद झालं; तिथला पंप जगातला शेवटचा होता. साध्या सीटवर इंजिन जोरात पळवलं तर व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातात.

प्रत्येक कामासमोर तास लिहा, बेरीज करा आणि ती दुप्पट करा. दुप्पट करण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, सिलचं काम किती तासांत होईल असं तुम्हाला वाटलं होतं ते आठवा. समजा बेरीज सहाशे तासांवर गेली. घरात तीन वर्षांचं मूल असताना आठवड्याला खरेखुरे तीन तास मिळतात असं धरलं, तर वर्षाला दीडशे होतात, म्हणजे चार वर्षं. मुलगी सात वर्षांची असेल. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, गॅरेजमध्ये आईवडिलांच्या मागे लुडबुड करत मोठी झालेली मुलं मी पाहिली आहेत आणि ती सुखी मुलं होती. पण चार वर्षं हा आकडा तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा.

या ठिकाणी बायकोशी बोला. तिने हरकत नाही म्हटलंय, त्यावर विश्वास ठेवा, त्यामागे काही दडलेलं शोधत बसू नका. मात्र तिच्याकडून परवानगी मागायची नाहीये. तुम्ही गॅरेजमध्ये घालवाल ते तीन तास मुलगी तिच्याजवळ असणार, तेव्हा तुमच्या वेळाचा खर्च तिच्या खात्यातून जातो. आठवड्यातले कुठले तीन तास, आणि त्याच्या बदल्यात तिचे कुठले, हे दोघांनी मिळून ठरवा. ते ठरत नसेल तर वहीतली बेरीज कागदावरच राहील.

'पुरी करणं' म्हणजे काय, हेही ठरवायला हवं. पुष्कळ गाड्या अडकतात त्या मालकाच्या डोळ्यांसमोर प्रदर्शनातली गाडी असते म्हणून. जुन्या वाहनांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 1966 साली स्थापन झालेली. तिच्या ट्यूरिन चार्टरमध्येसुद्धा जपणूक आणि रिस्टोरेशन या गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, आणि जे मूळ आहे ते जपण्याला मान दिला आहे. जुन्या सीटवर बसून, थोड्या विटक्या रंगात, पण भक्कम पत्रा आणि चोख ब्रेक घेऊन धावणारी मायनर ही पुरी झालेली मायनर आहे. नवी कव्हरं कधीही बसवता येतात.

आता माझं मत, आडपडदा न ठेवता सांगतो. बॉडी सरळ निघाली आणि पत्र्याचं सगळं काम एखाद्या चांगल्या डेंटरला देण्याइतके पैसे हाताशी असतील, तर द्या आणि गाडी ठेवा. काय काय करायचं, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे आधी लेखी ठरवून द्या, आणि पत्रा बंद करण्याआधी आतून बघायला बोलवा अशी अट घाला. बॉडी परत आली की उरतं ते सगळं तुमच्या आवडीचं काम आहे आणि तुम्ही ते तडीस न्याल याबद्दल मला शंका नाही.

यातली एक जरी गोष्ट जमत नसेल, तर विका. आणि पत्र वाचून माझा कल विकण्याकडेच आहे. जे काम तुम्हाला दोन वर्षं करवलं नाही ते 'आता मनाचा हिय्या करून' करायला बसलात, तर फार तर एक सिल होईल आणि दुसरीपाशी तुम्ही पुन्हा थांबाल. सक्तीने केलेलं वेल्डिंग दिसतं, आणि इथे तर ते गाडीचा कणा आहे. त्यात तुमची मुलगी बसणार आहे.

विकली म्हणजे मायनर संपली असं मात्र समजू नका. उलट तुमच्यासारख्या माणसाने पहिल्यापासून जी गाडी घ्यायला हवी होती ती आता शोधता येईल: पत्रा उत्तम, इंजिन दमलेलं. जुनी गाडी घेताना पत्रा चांगला बघून घ्यावा, यंत्र दुरुस्त होतं, हे मुरलेले लोक सांगतात ते काही उगाच नाही. अशी मायनर थोडी धूर ओकत, थोडी खडखडत का होईना, चालत घरी येईल. तुम्ही तिच्यात एकेक गोष्ट दुरुस्त कराल आणि मधल्या काळात ती वापरालही. काम तेच, पण गाडी खोक्यांत न जाता चाकांवर राहील.

त्या दमलेल्या इंजिनाच्या जागी काय बसू शकतं, ते तुमच्या स्टँडवर उभं आहे. म्हणून त्या गृहस्थांना दोन भाव विचारा, इंजिनासकट आणि इंजिनाशिवाय. दोन मायनर तयार केलेल्या माणसाकडे एखादं जादा इंजिन पडलेलं असणं अगदी शक्य आहे, आणि तुम्हाला ज्या वस्तूचा खरा अभिमान आहे ती तुमच्याकडे राहील. एक काळजी घ्या: अनेक ठिकाणी गाडीच्या कागदांवर इंजिनाचा क्रमांकही असतो आणि बदलला तर नोंदवावा लागतो. शिवाय मूळ इंजिन गेल्याने तुमच्या गाडीचा भाव उतरेल, तो उतरू द्या. पण गृहस्थ 'इंजिनाशिवाय नको' म्हणाले, तर त्या एका कारणाने सौदा मोडू नका.

त्यांनी सांगितलेला भाव इंजिनाच्या खर्चापेक्षाही कमी आहे, हे तुम्हाला लागलंय. त्यात तुमचा अपमान नाही. खोललेल्या गाडीला नेहमी कमी भाव येतो, कारण घेणाऱ्याला काय आहे ते दिसतं आणि काय हरवलंय ते दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टींचे पैसे तो आधीच वजा करतो. भाव वाढवायचा असेल तर ती भीती कमी करा. सगळे सुटे भाग एकदा जमिनीवर मांडा, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावा, खोलताना काढलेले फोटो असतील तर ते एका जागी आणा, इंजिनाच्या कामाची बिलं आणि मापांची टिपणं जोडा. जे नाही त्याचीही यादी द्या. कागदांवर गाडी तुमच्याच नावावर आहे ना आणि चासीचा क्रमांक जुळतो ना, ते आधीच बघून ठेवा, कारण ऐन वेळी तिथेच गाडं अडतं. सुटं सुटं विकण्याच्या मोहात पडू नका. बेरीज थोडी जास्त येईलही, पण चांगल्या वस्तू पहिल्या महिन्यात जातील आणि सिल कापलेली बॉडी तुमच्याकडे राहील, कुणालाच नको असलेली.

एकच रस्ता पूर्ण बंद करा, आहे तशी झाकून ठेवण्याचा. ठेवलेली गाडी ठेवल्यासारखी राहत नाही. पत्रा गंजत राहतो, रबरं कडक होतात, आणि कुठला बोल्ट कुठला हे तुमच्या स्मरणातून जातं. ते स्मरण ही आज तुमच्याकडची मोलाची वस्तू आहे, विकतानाही आणि जुळवतानाही.

त्या गृहस्थांना आजच कळवा की महिन्याभरात पक्कं सांगतो, आणि मोजमापाच्या दिवशी त्यांनाच बोलवा. दोन मायनरवर हात बसलेल्या माणसाला दाराची फट बघून जे कळेल ते तुम्हाला टेपने कळायला दुपार जाईल. बॉडी बसलेली निघाली तर ते त्यांच्यासमोरच निघू दे, म्हणजे नंतर कुणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. ते आले नाहीत तरी मोजमाप पुढे ढकलू नका. कर्णांचे आणि ओळंब्याचे आकडे मला पाठवा, डावे-उजवे वेगळे लिहून, आणि क्रॉसमेंबरची टोकं पेचकसाने टोचल्यावर काय झालं तेही लिहा.